रुमालाची जागा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अकोला-वाशीम एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मेडशीचा, पण मुंबईत काँप्युटरचं काम करणारा. काँप्युटर मी पाहिलेला नव्हता आणि चौकशीची मला खोडच. "म्हंजे करता काय तुमी?"

हातातल्या रुमालाची घडी घालत, मोडत त्यानं कंडक्टरकडे हनुवटी उडवली. "यंत्रातबी जागेसाठी कामांची अशीच गर्दी राह्यते. तयार प्रोग्राम आणला, तं जागा वाटणारा कंडक्टर त्याच्यासंगच येते. मुळातून बांधला, तं आपल्याले निवडता येते. एक कंडक्टर दिसली जागा का बसवते, दुसरा माप पाहून बसवते. मी सध्या तेच निवडून राह्यलो."

"मंग चांगला कोणता?"

पुढच्या सीटवर कुणीतरी खिडकीतून टाकलेला रुमाल होता. टाकणारा आलाच नव्हता, तरी लेकरू कडेवर घेतलेली बाई त्या सीटजवळ उभीच होती. त्यानं उठून तो रुमाल उचलला आणि बाईला बसवलं.

"जो हे उचलते, तो."

मेडशीला तो उतरला. त्याचा रुमाल मात्र सीटवरच राहिला. मालेगावला एक म्हातारा चढला आणि त्या जागेपाशी येऊन थांबला.

"कोनी हाय काय इथं?"

मी रुमालाकडे पाहिलं आणि पटकन म्हणालो, "हाय ना!"