दम धरून

आईला भुताखेतांचं भारी वेड. नागपूरहून इकडे परदेशात, ल्यूकनला माझ्याकडे आली तेव्हा थंडीपेक्षा तिची मोठी तक्रार ही, की इथल्या टीव्हीवर एक धड भूत दिसत नाही. शेजारच्या हाँगकाँगच्या बाईला मी हे सांगितलं, तर एका रविवारी दुपारी ती तिच्या लहानपणचा आवडता सिनेमा घेऊन हजर. बोलणं सगळं कँटोनीज, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ती वाचून आईला मराठीत सांगायची हमाली माझ्याकडे.

सिनेमातली प्रेतं जुन्या दरबारी झग्यात, दोन्ही हात पुढे ताठ करून, टुणटुण उड्या मारत यायची. त्यांना दिसत नसे. माणूस ओळखायची ती त्याच्या श्वासावरून. प्रेत जवळ आलं की सगळे नाक दाबून, गाल फुगवून उभे! शेजारीण हसून हसून सोफ्यावरून घसरली. आई मात्र हसता हसता गप्प झाली. माझं मनगट घट्ट धरून तिनेही दम धरला होता. तो सुटला तो खोकल्यातच, आणि खोकला काही थांबेना. शेवटी तिने तोंडावरचा रुमाल काढला, तर त्यावर रक्त.

"काही नाही वं, घसा खरवडला," ती म्हणाली. 

ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात छातीचा स्कॅन ठरला. "अगदी ग्रँड होईल," नर्स म्हणाली. इथे 'ठीक आहे' म्हणायलाही ग्रँडच; चहाही ग्रँड, पाऊसही ग्रँड. माझं डोकंच फिरलं. मला आत जाता येणार नव्हतं आणि मशीन इंग्रजीत बोलणार होतं. म्हणून मी दारातच आईला शिकवलं, पहिला आवाज आला की दम धर, दुसरा आला की सोड.

"म्हणजे त्या पिक्चरमधल्यासारखं?" तिने विचारलं. तिचे हात गार पडले होते.

"हो गं, अगदी तसंच."

दार बंद झालं. बाहेर मी उगाचच श्वास रोखून उभी राहिले. देवा, काही निघू नको देऊस, एवढंच मनात चाललं होतं.

आई बाहेर आली ती चक्क खुशीत. "हूं की चूं केलं नाही मी. ते डोक्यावर गरगर फिरलं अन् चाललं गेलं. नाही सापडली मी त्याले!"

मी हसले. खूप दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

रिपोर्ट सांगायला डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढून आईच्या अगदी जवळ घेतली. ते हळू, सावकाश बोलत होते. आईला इंग्रजी येत नाही. पण त्यातला एक शब्द नागपुरातही तोच आहे.

डॉक्टर थांबले. आता मी मराठीत सांगायचं होतं. आईने त्या रविवारसारखंच माझं मनगट धरलं.

"पण मी तं दम सोडलाच नव्हता वं," ती म्हणाली.