आयुधपूजेच्या दिवशीचा विमा

"रेट सगळ्या कंपन्यांचा एकच हाय अण्णा. मी कमी सांगितला तर खोटं बोलतोय समजा. पण आमच्या कंपनीनं मला एक गोष्ट दिलीया, ती ह्यांच्यात न्हाई."

कानडी मुलखात, गवीपुरात, येसाजीरावांच्या दारात सायकल धरून विमा एजंट देवाप्पा बोलत होता. साल बासष्ट, दिवस आयुधपूजेचा, खंडेनवमीचा. येसाजीरावांनी कॉफीमळेवाल्याकडनं जुनी फियाट घेतलेली. आधीच्या मालकाचा विमा संपलेला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं घर गाडीत घालून म्हैसूरचा दसरा बघायला निघायचं ठरलेलं. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं त्यांच्या बायकोनं, राजलक्ष्मीअक्कांनी बजावलेलं. आज जो गाडीचा विमा देईल, त्यालाच राहत्या घराचाही मिळणार होता.

कट्ट्यावर दुसरा एजंट त्रिविक्रम आधीच कॉफी पीत बसला होता. कंपनी मोठी, बूट चकचकीत.

"काय दिलंय असं?" त्यानं विचारलं.

"कव्हर नोटचं पुस्तक. मी लिहून सही केली की त्या घटकेपासनं गाडी कंपनीच्या पदरात. साहेबाकडं जायला लागत न्हाई. घराचंबी तसंच."

"आमचं ऑफिस परवा उघडतं. मोठ्या कंपनीत घाई नसते."

"मोठी हाय म्हणूनच परवा जागी हुणार."

येसाजीराव हसले. "सरी, बरं. लिही की मग. स्वल्प लवकर."

देवाप्पानं पिशवीत हात घातला आणि तसाच थांबला. पिशवी रिकामी. सकाळीच बायकोनं, भागुबाईनं, पेन आणि पुस्तक पूजेत मांडलं होतं.

त्रिविक्रमनं कप खाली ठेवला. "पूजेतलं आज उचलायचं नसतं. उद्या ये."

देवाप्पानं सायकलवर टांग टाकली ती घराकडं.

खानापूरकडचा गडी. आधी गिरणीत, मग कलासीपाळ्यमच्या मोटार स्टँडवर, मग विम्यात. पहिली कंपनी लाकडी माडीचं घर विम्याला घेत नव्हती, दुसरी जुनी गाडी घेत नव्हती. गिऱ्हाईक तयार असायचं आणि ह्याला हात जोडून परत यावं लागायचं. ही तिसरी दोन्ही घेत होती, वर लिहायचा अधिकार एजंटाच्या हातात. आता मागं राहिला असता तर त्यात त्याचीच चूक असती.

"हात लावू नका," भागुबाई देव्हाऱ्याला पाठ लावून उभी राहिली. "हळदीकुंकू लागलंय. शेजारच्या अक्का म्हणत्यात, आज लिवलं तर सरस्वती रुसती."

"आगं, येसाजीरावांची गाडी पुजली न्हवं? पुजल्यावर लिंबावरनं फिरवलीच की. ती काय उद्यापातूर हुभी ऱ्हायली? माझी गाडी ह्योच पेन हाय."

भागुबाई आत गेली, लिंबू आणलं, पाटावर ठेवून तळव्यानं चेचलं आणि पेन त्यावरनं सरसर फिरवलं.

"झालं. आता पळवा तुमची गाडी. पण पुसून घ्या, न्हाईतर कागदाला रस लागंल."

देवाप्पा धापा टाकत परतला तेव्हा त्रिविक्रम अजून तिथंच होता. सगळं ऐकून म्हणाला, "हे काही शास्त्रात बसत नाही."

"आमच्या घरात बसतंय," राजलक्ष्मीअक्का दारातून म्हणाल्या. "पेनही लिंबावरून आलंय. लिही रे तू."

देवाप्पानं मांडीवर पुस्तक घेतलं. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, घटका. निब भराभर पळत होती आणि त्याच्या कानशिलावरनं घाम उतरत होता. सही करून कागद फाडून त्यानं अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी तो डोळ्याला लावला आणि मुलांना कपडे भरायला पिटाळलं.

त्रिविक्रम उठला, बुटाची नाडी बांधत हळूच म्हणाला, "तुझ्या कंपनीत एजंट घेतात काय रे अजून?"

"साहेबाला इचारतो. पयलं घर लिहू दे." देवाप्पानं पुस्तकाचं पुढचं पान उलटलं आणि वाकून स्वयंपाकघराच्या दारात शिरला. "अक्का, चूल लाकडाची हाय का रॉकेलची? आणि वरच्या माडीला फळ्या किती जुन्या?"