शहाणी झाल्याचं जेवण

माझ्या लेकीला न्हाण आलं तेव्हा मी घातलेल्या जेवणाचं कौतुक आमच्या भावकीत अजून निघतं. सगळ्या वाडीला पुरणपोळी आणि वर घरच्या आंबेमोहोराचा भात. "मास्तरांनी पोरीचं कसं केलं, बघा!" असं कोणी म्हणालं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. ती किळस आहे. कशाची, ते आता सांगून टाकायला हवं, कारण नुकतंच तसलंच जेवण माझ्या नातीच्या नावानं ठरत होतं.

आमची वाडी वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला. उन्हाळ्यात विहीर आटते आणि पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागतं. त्या दिवशी बायको माहेरी होती. पाण्याच्या खेपा लेकीनंच घातल्या होत्या. सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"आबा, मला कायतरी झालंय."

तिच्या परकराकडं बघून मला कळलं, आणि मी दोन पावलं मागं सरलो. "तिकडंच थांब, आत येऊ नको," म्हणालो आणि शेजारच्या भावजयीला हाक मारली. भावजय आली, तिनं पोरीला दंडाला धरून गोठ्यात नेलं आणि जाता जाता आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "शहाणी झाली गं बया पोर!"

मग मला आठवलं, पोरीनं थोड्या वेळापूर्वी हंड्यात तांब्या बुडवून पाणी घेतलं होतं. मी हंडा उचलला आणि अंगणात पालथा केला. ती गोठ्यातून बघत होती.

"आबा, त्ये पानी म्याच आनलंय की."

"गप बस," मी म्हणालो, आणि उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं.

शाळेत पोरांची नखं तपासणारा, हात धुवा म्हणून ओरडणारा मास्तर मी. आदल्या दिवशीपर्यंत जी माझ्या ताटात जेवत होती, तिला बघून मी नाक मुरडलं. रक्ताची घाण वाटायला ती काही आजारी नव्हती. घाण जी होती ती माझ्या डोक्यात होती, आणि मी ती अंगणभर सांडून घर स्वच्छ केलं असं समजत होतो.

बायको परत आली, पोरीचं डोकं न्हाऊन झालं आणि जेवणाचा बेत ठरला. ओटीवर तिला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं. बायका हळदकुंकू लावून ओटी भरत होत्या, अंगणात पुरुषांच्या पंगती उठत होत्या. पोटात दुखत होतं म्हणून ती पुढं वाकायची, की भावजय तिला सरळ करायची. "ताठ बस. मानसं बघत्यात."

माणसं बघावीत म्हणूनच तर ते जेवण होतं. सारोळ्याचा एक बागायतदार मी मुद्दाम बोलावला होता. पोळीवर तूप वाढता वाढता मी मान ओटीकडं वळवली आणि त्याला म्हणालो, "ती बसलीय ती." त्यानं बोटं चाटत तिच्याकडं बघितलं. बाजारात कालवडीकडं बघतात तसं, खालपासून वर. "चालंल," म्हणाला आणि ताट पुढं केलं. मी आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेचा गणवेश शोधत होती. मी म्हणालो, आता शाळा पुरे. तिनं मला विचारलं, "काकी म्हनती मी शहानी झाले. मंग शहान्या पोरीची शाळा बंद का?"

मी हसलो. नुसता हसलो नाही, पुढं कित्येक वर्षं चार जणांत विनोद म्हणून तो प्रश्न सांगत राहिलो. त्या हशातले दात मला आजही आठवतात.

पुढं सारोळ्याहून स्थळ "आपणहून चालून आलं" असं मी सगळ्यांना सांगितलं. त्या बागायतदाराचा, म्हणजे अण्णांचा, मुलगा माझा जावई झाला. माणूस वाईट नाही. भोरला कचेरीत नोकरीला आहे. त्यानंच मला फोन केला. "आबा, आपल्या छकुलीचं करायचंय, अगदी तुमच्यासारखं. हॉल बघितलाय."

मी नसरापूरला एसटी बदलून भोरला गेलो. जावयानं मोबाईल पुढं केला. फ्लेक्सचा नमुना होता: नातीचा फोटो, भोवती कमळं, खाली निमंत्रकांची नावं, त्यात माझंही. भोरच्या चौकात हे टांगायचं होतं. नात भिंतीला टेकून, पोटाशी उशी धरून बसली होती. तिची नजर फोटोवर नव्हती. ती आईकडं बघत होती, आणि आई माझ्याकडं.

मग मी बोललो. हंड्याचं, तुपाचं, "चालंल"चं, सगळं.

जावयाचा चेहरा उतरला. "म्हणजे आमचे अण्णा त्या पंगतीला होते?"

"मीच बोलावलं होतं. तुमचं लग्न तिथंच ठरलं. स्थळ चालून आलं ही माझी थाप."

लेक शांतपणे म्हणाली, "हंड्याचं मला ठाऊक हाय, आबा. बघतच होते मी. अण्णांचं न्हवतं ठाऊक." जरा थांबून म्हणाली, "आन तुमाला एक ठाऊक न्हाई. त्या दिवशी मला कुनी जेवायला वाढलंच न्हाई. पंगती संपल्या तवा पुरन संपलं हुतं."

माझ्या नावाजलेल्या जेवणात जिच्यासाठी ते घातलं तीच उपाशी होती, आणि मी तिला जेवलीस का असं विचारलंही नव्हतं.

जावयानं मोबाईल पालथा ठेवला आणि नातीला विचारलं, "तुला काय पाहिजे गं?"

नात म्हणाली, "वर्गात कुणाला कळायला नको. आणि पोट दुखायचं थांबलं की मिसळ. आईपण पाहिजे बरोबर."

"आणि आबा?" जावयानं विचारलं.

नातीनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "आबा घरी थांबतील."

संध्याकाळी पोट दुखायचं थांबल्यावर ते तिघं मिसळ खायला गेले. मी थांबलो. लेकीनं जाताना माझ्यासाठी भात झाकून ठेवला होता.