ज्वारीच्या कोठीतली नळी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून भाजी चिरायला जाते. इंग्रजीतून बी.एस्सी. झालेली, प्रत्येक बरणीला लेबल लावणारी बाई मी... असल्या गोष्टींना माझ्याकडे कप्पाच नव्हता. पण रेवा, ईशान, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुला कधीच काही दिसलं नाही?" — आणि मी विषय बदलला. उत्तर या सदरातून देते, तिकडे बसून वाचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. परतूरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत रक्त-पाणी तपासायची माझी छोटी लॅब होती. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई — आम्ही त्यांना अक्का म्हणायचो — त्याच वर्षी दिवाळीआधी गेल्या. दारात कुणीही येवो, अक्का आधी चहा-भाकरी द्यायच्या. मी आधी चौकशी करायला गेले की म्हणायच्या, "गारठल्यालं, उपाशी माणूस वळखू येत न्हाई गं. आधी ऊब दे, खाऊ घाल, मंग नाव इचार."

माघात तीर्थपुरीकडच्या एका खेड्यात दोघांना जुलाब-उलट्यांनी सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी गावची विहीर बंद ठेवून पाणी माझ्याकडे पाठवलं. पाणी घेऊन आले ते गावचे पाटील — त्यांच्याच मुलीचं लग्न तोंडावर, आणि सगळ्या गावाचं जेवण त्याच विहिरीवर. ओसरीवर बसून म्हणाले, "मॅडम, ह्या पाण्यानं देवाला आंघोळ घालतो आम्ही."

"देव पीत नाही ना पण," मी म्हटलं.

ते हसले, मग पुढे सरकून म्हणाले, "पटकी हाय का न्हाई, तेवढं सकाळी सांगा. लेकीच्या लग्नात कुणी आडवं पडाया नको."

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू सूक्ष्मदर्शकात स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो, सुळकन पळतो. पण तो खाऊनपिऊन उबेत असेल तर. थंड, रित्या पाण्यात उपासमार झाली की आक्रसून गोल होतो... नुसता पूर्णविराम. मग तो आणि एखादा निरुपद्रवी ठिपका यांत फरक कळत नाही. म्हणून मी ते पाणी नळीतल्या पोषक द्रवात घालून उबेच्या पेटीत ठेवलं. दुपारी लाईट गेली, ती आलीच नाही. संध्याकाळी नळी गारढोण. थेंब पाहिला — गोल ठिपके, निश्चल. नळी स्टँडवर ठेवली, खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. सकाळी पाटलांना सांगायचं ठरवलं — काही सापडलं नाही. तुमचे आजोबा औरंगाबादला होते, घरात मी एकटी.

सकाळी दळणासाठी ज्वारीच्या कोठीत हात घातला, तर बोटांना काहीतरी कोमट लागलं. जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, वर घट्ट गाठ. गाठ न सोडता बाजूने ओढून काढलं... माझी नळी. माझंच लेबल, माझंच अक्षर. द्रवावर दुधासारखी पातळ साय धरली होती.

थंडीत दही लागावं म्हणून अक्का विरजणाचं भांडं अस्संच कापडात बांधून ज्वारीत पुरायच्या.

लॅबचं कुलूप जसंच्या तसं होतं. थेंब काचेवर घेतला. सगळीकडे स्वल्पविराम, सुळसुळ पळणारे. पुढच्या तपासणीनंही तेच सांगितलं.

पाटील ऐकून पायरीवरच बसले. "बरं झालं सांगितलं बाई," एवढंच म्हणाले आणि टँकर ठरवायला उठले. लग्न टँकरच्या पाण्यावर झालं. कुणीही आजारी पडलं नाही. बुंदीचा डबा घेऊन आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तो डबा मी आधी अक्कांच्या फोटोपुढे ठेवला. का, ते पाटलांना सांगितलं नाही.

मी स्वतःच झोपेत उठून केलं असेल? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. पण अक्कांची लुगडी तेराव्यानंतर वाटून टाकली होती, एक चिंधीही घरात नव्हती. आणि ती गाठ — अक्का डावखुऱ्या होत्या, त्यांची गाठ उलटी बसायची. मला ती आजवर मारता आलेली नाही.

स्पष्टीकरण नाही, बाळांनो. तो तुकडा आहे, गाठ तशीच आहे, मी सोडली नाही. याल तेव्हा दाखवीन.

पण प्रवासातून गारठून याल... आधी जेवा. मग विचारा.