गेर्शोम नावाचा माझा भाऊ

जळकोटच्या हमरस्त्यावर मुकादमाचा ट्रक उभा होता आणि आईला वर चढता येत नव्हतं. सातवा महिना होता तिला. शेवटी बानं खाली बसून खांदा दिला, वरून दोन बायकांनी हात धरले. आत्या लिंबाखाली उभी होती. ती रडली नाही. "पाऊस पडला की या," एवढंच म्हणाली. ही बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पाऊस पुढं पडला. आम्ही राहायला आलो नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि त्या ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसून गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. माझा भाऊ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. त्याच्या नावाला तुम्ही हसलातही. त्या नावानं आमच्या घराचं काय केलं ते मात्र पुरतं कुणाला ठाऊक नाही.

आमचं घर ख्रिस्ती. गावात अशी थोडीच घरं, आणि एक पत्र्याचं देऊळ. पाळकसाहेब कधीमधी यायचे. एरवी रविवारी शास्त्र वाचायचं काम बाचं. बाकीचे दिवस तो लोकांच्या रानात राबायचा. त्या साली रानात काही उरलं नाही, विहिरींना तळ दिसला, म्हणून मुकादमाबरोबर आम्ही पश्चिमेकडं, कालव्याच्या मुलखात, एका सहकारी साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलो. इतकं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. पाटात हात घालून मी नुसती बसून राहायचे.

तिथंच, पाचटाच्या कोपीत, माझा भाऊ जन्मला. बानं त्याचं नाव गेर्शोम ठेवलं.

असलं नाव आमच्या देवळातही कुणाचं नव्हतं. योहान होते, याकोब होते, दावीद तर दोन होते. बानं सांगितलं, मोशे आपला देश सोडून पळाला, दुसऱ्याच्या मुलखात मेंढरं राखत राहिला, तिथं त्याला लेक झाला, त्याचं हे नाव. अर्थ काय, तर परक्या मुलखातला परका.

आई बाळंतिणीच्या बाजेवरून म्हणाली, "अवो, असलं नाव नका ठेवू. नाव चिकटतं लेकराला."

"ध्यानात राहावं म्हणून ठेवतोय," बा म्हणाला. "आपण हितं ऱ्हायला आलो न्हाय. गावाकडं गेलो की बदलू. योहान ठेवू."

आईला ते नाव शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. ती 'गेरशा' म्हणायची. कोपीतली पोरं 'घरसोम्या' म्हणायची. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी अर्थ विचारला आणि ऐकून चष्मा काढला. "अहो, स्वतःच्या पोराला परका म्हणता? गिरीश लिहू का?" बा म्हणाला, "न्हाय गुरुजी. थोड्या दिवसांचाच परश्न हाय."

त्या थोड्या दिवसांत बा कारखान्यात गव्हाणीवर, ऊस आत लोटायच्या पट्ट्यावर, लागला, पुढं कायम झाला. कोपी जाऊन चाळीतली खोली आली, नळ आला, वीज आली. तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळी होती, चांगलं दगडी चर्च होतं. आम्ही नाताळला जायचो, मागच्या बाकावर बसायचो. तिथले वडीलधारे बाला म्हणायचे, मंडळीत नाव घाला, चर्चचे सभासद व्हा. बा म्हणायचा, "आमचं नाव गावच्या देवळात हाय. हितं कशाला?" दर हंगाम संपला की पुढच्या साली जाऊ म्हणायचा. आई भांडी घासत ऐकायची.

गेर्शोम सातआठ वर्षांचा असताना आत्याच्या मुलाचं लग्न निघालं आणि आम्ही गावी गेलो. बा एसटीतून उतरला तो जवळजवळ धावतच. गेर्शोमला हाताला धरून त्यानं सगळं दाखवलं: देऊळ, विहीर, आमच्या घराची जागा. तिथं कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या होत्या. पोरांनी भावाला 'कारखान्याचा पाव्हणा' म्हणून चिडवलं. त्याला खारं पाणी पिववेना, बाजरीची भाकरी गिळवेना. दुसऱ्या दिवशी भर मांडवात, चार माणसांत, तो बाचं धोतर ओढत म्हणाला, "बा, घरी कवा जायचं?"

मी बाचं तोंड पाहिलं. मार खाल्लेल्या माणसाचं असतं तसं ते झालं होतं. त्यानंतर पुढच्या सालचं बोलणं त्यानं काढलं नाही.

गेर्शोम पंधरा वर्षांचा होऊन काविळीनं गेला. माझं लग्न होऊन मी पुण्यात पिंपरीला होते. निरोप आला तशी निघाले, पण पोचेपर्यंत दवाखान्यात त्याच्या अंगावर चादर ओढलेली होती. हिवट, पिवळे पाय तेवढे बाहेर होते.

बा तालुक्याच्या चर्चमध्ये मातीसाठी जागा मागायला गेला. लोक वाईट नव्हते. पण कबरस्तानात जागा थोडी, आणि आमचं नाव मंडळीत नाही. कमिटीला विचारून उद्या सांगतो, म्हणाले. बानं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या. म्या माज्या गावाला नेतो."

कारखान्यानं रिकामा ट्रक दिला. लिंबाचा पाला अंथरून, पहाटे निघून आम्ही सोलापूरवरून उन्हं कलताना जळकोटला आलो. निरोप आधीच पोचला होता; आत्यानं खड्डा खणवून ठेवला होता. तिची पोरं, शेजारची बौद्ध घरं, पाटलाच्या वाडीतली माणसं, सगळी उभी होती. पाळकसाहेब मिळाले नाहीत. बालाच वाचावं लागलं. शास्त्र उघडून, न अडखळता, तो म्हणाला, "देवा, तुझा दास योहान..."

"कोण योहान?" आई मागून बोलली.

बानं मागं वळून पाहिलं. "आता गावी आलाय त्यो," तो म्हणाला. "आता कशाला ते नाव?"

"माज्या लेकराचं नाव घ्या," आई म्हणाली. "गेरशा म्हटलं की वळून बघायचा त्यो. दुसऱ्या नावानं त्याला कोण वळखंल?"

बानं ते नाव घेतलं. फार वेळ लागला त्याला. मग पोरांनी माती लोटली.

ट्रक परत निघाला तेव्हा आई चढली नाही. कुणी आग्रहही केला नाही. आत्याकडं राहिली, मग शेळ्या बांधायच्या जागेवर एक खोली घातली. बाची नोकरी होती, तो गेला. पुढच्याच रविवारी त्यानं तालुक्याच्या मंडळीत आपलं नाव घातलं. मला हे फार उशिरा कळलं. गावच्या देवळात इतकी वर्षं राखलेलं आपलं नाव त्यानं लेकराला तिथं पुरून आल्यावर सोडून दिलं.

दिवसभराच्या वाटेवर दोघं म्हातारे झाले. मी आईला म्हणायचे, बाच्याकडं चल. ती म्हणायची, "त्यांनी यावं. गाव त्यांचं हाय." बाला म्हणायचे, गावी चल. तो म्हणायचा, "कंच्या तोंडानं येऊ? लेकराला परका म्याच म्हटलं." बा चाळीतच गेला आणि तालुक्याच्या कबरस्तानात त्याला जागा मिळाली. आई तिच्या लेकाशेजारी आहे.

माझा पिंपरीत फ्लॅट आहे. सोसायटीत लोक विचारतात, मॅडम, तुमचं मूळ गाव कुठलं? मी सांगते उस्मानाबाद जिल्हा, आणि विषय बदलते. घर म्हणजे काय ते मला कळत नाही. वर्षातून एकदा मी दोन्हीकडच्या कबरींवर जाते, गवत उपटते, पाणी घालते. निघताना कुणीतरी "पुन्हा कधी येणार?" असं विचारावं, एवढंच वाटतं. दोन्हीकडं विचारणारं कुणी राहिलेलं नाही.