दांडीवर बसवलेला माणूस

गाडीला वजन कमी पडलं म्हणून दगडाऐवजी जिवंत माणूस ठेवणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? आमच्याकडे त्याला ‘छोटे सरकार’ म्हणत. आणि त्यांची मोटर मी चालवत होतो.

जहागीरदाराच्या या पोराने बिनइंजिनाचं विमान मागवलं होतं. परभणी स्टेशनावर उतरवून ते लांबलचक दोनचाकी गाडीत घातलं आणि चारठाण्याच्या माळावर न्यायचं म्हणून ती गाडी मोटरीला जोडली. पंखांना धक्का नको म्हणून तंबू आणि चार ट्रंका त्यांनी पार मागे ठेवायला लावल्या.

हे सामान चढवायला पिंगळीचा एक म्हातारा गाडीवान वेठीला धरून आणला होता. त्याने पुढची दांडी एका हाताने उचलली. ती अलगद वर आली.

“डायवरबाबा, गाडी उलाळ हाय, मागं वजन जास्ती झालंय. माल फुडं घ्या, न्हाईतर रस्त्यानं शेपूट झाडील बगा.”

“अब गाडीवान हमको हवाई जहाज सिखाता क्या?” छोटे सरकार हसले. “इत्ता मालूम है तो तूच बैठ आगे. वजन हो जाता.”

“म्या दगूड हाय का, सरकार?”

शिपायाने त्याला दंडाला धरून दांडीवर बसवलं. माझ्या सीटखाली वेठबिगारीविरुद्धची पत्रकं होती, पाठ होती मला. तरी मी मोटर सुरू केली.

हडकुळ्या म्हाताऱ्याच्या वजनाने चार ट्रंकांची बरोबरी होते काय? जिंतूरच्या अलीकडच्या उतारावर मागची गाडी झुलू लागली. अशा वेळी पेट्रोलवरचा पाय नुसता उचलायचा, चाक सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण भेदरून मी करकचून ब्रेक दाबला. मागची गाडी आडवी झाली. म्हातारा खाली पडला आणि चाक त्याच्या पावलावरून गेलं.

छोटे सरकार उडी मारून धावले, पंखांकडे. “पंख सलामत हैं?”

मी म्हाताऱ्याच्या पायाला धोतराची पट्टी बांधत होतो. “मामा, चुकलं माझं.”

“तुला ठावं व्हतं ना रं?” तो एवढंच म्हणाला. तो पाय पुन्हा जमिनीवर सरळ टेकला नाही.

मग छोट्या सरकारांना न विचारता मी ट्रंका पुढे घेतल्या. पाच मिनिटं लागली. पुढे चारठाण्यापर्यंत गाडी सुतासारखी सरळ आली. ती पाच मिनिटं स्टेशनावर माझ्याजवळ नव्हती असं मी कुणाला सांगू?

निजामी गेली. परवा मानवतच्या बाजारात मोटरीमागे सरकीने भरलेली जोडगाडी पाहिली, दांडीवर वजनाला एक गडी लटकलेला. मालकाच्या डोक्यावर आता पांढरी टोपी होती. अशी गाडी तुमच्या रस्त्याने आली तर आडवे उभे राहा. मालक कोण ते विचारू नका. आधी त्या माणसाला खाली उतरवा.