पूजेतला पाना आणि कमलवहिनींचं सीमोल्लंघन

कमलवहिनी सरवटे आमच्या शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये भिंत नाही, नुसतं मेंदीचं कुंपण आहे. भिंतीला कान असतात म्हणतात. कुंपणाला नसतात, म्हणून ते काम गेली कित्येक वर्षं मी करतो. तेव्हा पुढे जे लिहितोय ते ऐकीव नाही, स्वतः ऐकलेलं आहे. आणि त्या दसऱ्याचं तर मागच्या सीटवर बसून पाहिलेलं आहे!

वहिनी मूळच्या उज्जैनच्या. शाळेत असताना सायकलच्या शर्यतीत मुलांना मागे टाकायच्या, असं त्या सांगतात, आणि त्यांची चाल बघता मला ते खरं वाटतं. लग्न होऊन भोपाळला आमच्या टाउनशिपमध्ये आल्या आणि नरहर सरवटे नावाच्या गृहस्थांच्या स्कूटरवर मागे बसायला लागल्या. नरहरराव कारखान्यात निरीक्षण विभागात. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम पास की नापास, ते ठरवणारे. हा माणूस घरी भेंडीसुद्धा उजेडात धरून बघतो. भजी नापास करतो! एकदा आमच्या मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना अनारसे दिले, तर म्हणाले, "जाळी एकसारखी नाही." मंदाने त्यानंतर त्यांना अनारसे दिलेले नाहीत.

अशा माणसाने एका निवृत्त साहेबांकडून जुनी पांढरी अँबॅसडर घेतली. अख्खी गल्ली बघायला लोटली. वहिनी सगळ्यांत मागे पदर खोचून उभ्या होत्या आणि गाडीकडे अशा बघत होत्या, की मी मंदाला तेव्हाच म्हटलं, "बघ, ही बाई मागे बसायची नाही."

थोड्याच दिवसांत वहिनींना अचानक शिवणकामाची ओढ लागली. रोज दुपारी पिशवी घेऊन शाहपुऱ्याला क्लासला जायच्या. पन्नाशी ओलांडल्यावर शिवण? आणि एका दुपारी मी शाहपुरा तलावाकाठी भुट्टा खात उभा असताना समोरून लाल एल लावलेली गाडी आली, आणि स्टिअरिंगवर कोण? चष्मा सावरत, ओठ दाबून, शिवणक्लास! मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त मंदाला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत नरहररावांना कळलं.

पण वहिनी डगमगल्या नाहीत. पर्समधून लायसन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "सरकारने पास केलंय. तुम्ही बघा तुम्हाला काय करायचंय ते." त्या दिवसापासून त्यांना टाउनशिपच्या आत गाडी चालवायची मुभा मिळाली. भाजीबाजार, दवाखाना, देऊळ. फाटकाबाहेर नाही! बाहेर जायचं तर नरहरराव चालवणार. बाहेर ट्रक असतात, म्हणे. जसं काही ट्रक खास कमलवहिनींची वाट बघत थांबलेत.

नवरात्र आलं. आमच्या ओसरीवर चहा चालला होता आणि वहिनींनी बॉम्ब टाकला.

"अहो, यंदा दसऱ्याला सीमोल्लंघन मी करणार. गाडी घेऊन. फाटकाबाहेर, होशंगाबाद रोडने थेट मिसरोद, भोपाळच्या वेशीपर्यंत."

नरहररावांचा कप हवेतच राहिला. "तू?"

"मग काय नुसती आपट्याची पानंच वाटायची जन्मभर?"

आता मी गप्प बसलो असतो तर ते पाप झालं असतं. मी म्हटलं, "नरहरराव, अट घाला. वहिनी घाबरत नसतील तर मान्य करतील."

नरहररावांनी विचार केला आणि निरीक्षण विभागाच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मिसरोदला जायचं आणि परत यायचं. वाटेत गाडी कुठेही अडली नाही, तर किल्ली तुझी. पाहिजे तिथे जा, मी विचारणार नाही. पण गाडी मधेच अडली, तर किल्ली माझ्याकडे. फाटकाच्या आतसुद्धा चालवायची नाही."

वहिनींचा चेहरा क्षणभर उतरला. आतलंसुद्धा जाणार होतं ना! पण लगेच म्हणाल्या, "मंजूर. भावजी आणि मंदा साक्षीदार."

झालं! गल्लीला दुसरा विषय उरला नाही.

खंडेनवमीच्या सकाळी नरहरराव गाडी सजवायला बसले. दरवर्षी स्कूटरला रंगाचा हात फिरवायचे, यंदा अँबॅसडर. एकेक चाक खोललं, चंदेरी रंगाचा डबा काढला, आणि रिम रंगवली. बरं, नुसती रिम रंगवून माणूस थांबला असता. पण नाही! नट रंगवले, नट ज्या भोकांवर बसतात त्या कडा रंगवल्या, नट ज्यांच्यावर फिरतात ते आटेसुद्धा रंगवले. मी कुंपणातून म्हटलं, "आतला रंग कोण बघणार?"

"गंजाला काय, दिसत नाही तिथेच तो आधी लागतो," ते म्हणाले. मग ओल्या रंगावरच चाकं चढवली आणि नट अलगद फिरवले. "आत्ता जोर लावला तर रंग खरवडेल. वाळला की पक्के आवळतो."

तेवढ्यात आतून वहिनींची हाक आली, "अहो, नैवेद्य तयार आहे, हत्यारं आणा!" आणि नरहरराव लगबगीने हत्यारं गोळा करायला लागले. पाना धुतला, लाल फडक्यात गुंडाळला, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, घरातली विळी, कात्री, सगळं पाटावर मांडलं. हळदकुंकू, झेंडू, आरती. आणि एकदा हत्यार पूजेला बसलं, की सरवट्यांच्या घरी दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. पूजा आटोपल्यावर नरहररावांनी चाकांवर चकचकीत टोप्या ठोकल्या, दोन पावलं मागे गेले आणि मान हलवली. पास!

दसऱ्याच्या सकाळी आम्ही चौघं निघालो. वहिनी चालवायला, शेजारी नरहरराव, मागे मी आणि मंदा. बॉनेटवर झेंडूचा हार. फाटकावरच्या चौकीदाराने वहिनींना बघितलं आणि सलाम ठोकला. आणि आम्ही बाहेर! गोविंदपुरा मागे पडला, रस्ता रुंद झाला, एक ट्रक आला आणि गेला, आणि काहीसुद्धा झालं नाही! वहिनी ताठ बसल्या होत्या. कपाळावर घाम होता, पण हसू लपत नव्हतं.

"वाह वहिनी!" मी ओरडलो. "आता थेट नर्मदेपर्यंत चला!"

"यशवंतराव, तिच्याशी बोलू नका, तिचं लक्ष जाईल," नरहरराव म्हणाले आणि पुढचा सगळा वेळ स्वतःच बोलत राहिले. "गिअर बदल. आरसा बघ. अगं, क्लचवरचा पाय काढ."

होशंगाबाद रोडला लागलो आणि मागच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. खड... खड... खड. डब्यात सुपारी हलवावी तसा.

"ऐकलंत?" वहिनींनी विचारलं.

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस, दुसरं काय."

"क्लच पुढे आहे, आवाज मागे आहे."

"कमल, कालच मी प्रत्येक चाक स्वतः बघितलंय."

आवाज वाढला. खडखडखड! आता माझ्या बुडाखालची सीटही डुलायला लागली. मंदाने माझा दंड इतका घट्ट धरला, की लग्नातसुद्धा धरला नव्हता. समोर मिसरोदची पहिली घरं दिसत होती. जरा रेटलं असतं तर सीमा ओलांडली असती! मी आरशातून वहिनींचा चेहरा बघत होतो. त्यांनी एकदा समोर बघितलं, एकदा आरशातून आम्हाला बघितलं. मग त्यांच्या ओठांवरचं हसू गेलं, आणि त्यांनी गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली.

किल्ली गेली, हे आम्हा चौघांना कळलं होतं.

"थांबलीस," नरहरराव म्हणाले. आवाजात आनंद होता असं मी म्हणणार नाही. पण दुःखही नव्हतं.

वहिनी उतरल्या, मागच्या चाकाशी बसल्या आणि टोपी उपटली. टोपीतून दोन नट घरंगळत मातीत पडले. चंदेरी, चकचकीत! उरलेले नट त्यांनी चिमटीत धरले, तर झाकणासारखे फिरायला लागले. चाक नुसतं लाजेकाजेस्तव गाडीला धरून होतं.

मंदा म्हणाली, "अगं बाई! मी परत पायी जाते."

नरहरराव वाकून बघत राहिले. मग पुटपुटले, "आवळायचे राहिले... रंग वाळायचा होता... मग पूजा..." आणि एकदम ताठ झाले. "पण आता करायचं काय? पाना तर घरी पाटावर! आणि संध्याकाळपर्यंत तो उचलता येत नाही!"

वहिनींनी डिकी उघडली. जॅक काढला. आणि त्याच्यामागून पाना काढला.

नरहररावांनी पान्याकडे असं बघितलं, की जणू तो चालत आलाय. "हा इथे कसा? सकाळी मी याच्यावर फूल वाहिलं!"

"फूल तुम्ही लाटण्यावर वाहिलंत."

"काय?"

"लाल फडक्यात लाटणं आहे. पान्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, असं क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलंय. काल रात्री देवीची माफी मागितली आणि बदललं. हत्याराच्या जागी हत्यार ठेवलं, पाट रिकामा नाही ठेवला."

मी रस्त्याच्या कडेला बसलो हो, हसून हसून! नरहरराव सरवटे, ज्यांच्या नजरेतून अनारशाची जाळी सुटत नाही, त्यांनी दसऱ्याच्या सकाळी हात जोडून पोळपाटाच्या जोडीदाराला नमस्कार केला होता!

"हसताय काय भावजी, दगड लावा चाकाला," वहिनी म्हणाल्या.

मी दगड लावले, नरहररावांनी जॅक फिरवला. वहिनींनी त्यांच्याकडे हात पुढे केला. "रुमाल."

"हा सणाचा आहे."

"रुमाल द्या."

स्क्रू ड्रायव्हरही पूजेत होता, म्हणून वहिनींनी मंदाच्या पर्समधली नखं घासायची कानस घेतली आणि भोकांच्या कडांवरचा, नटांच्या आतला, आट्यांवरचा रंग खरवडून काढला. रंगाचे जाड पापुद्रे निघाले, दुधावरच्या सायीसारखे. त्यातला एक नरहररावांच्या तळहातावर ठेवत म्हणाल्या, "बघा. नट लोखंडावर बसलाच नव्हता. या सायीवर बसला होता. साय दबली आणि नट सुटला." मग रुमालाने सगळं पुसलं, नट हाताने फिरवून बसवले, आणि पाना लावला. एक नट, मग त्याच्या समोरचा, मग परत पलीकडचा.

"ओळीने का नाही आवळत?" मी विचारलं.

"लोणच्याच्या बरणीला दादरा कसा बांधतात? एकाच बाजूने ओढला तर दुसरीकडे फुगतो. समोरासमोर ओढायचा."

जॅक उतरवून त्यांनी पान्यावर पाय ठेवला आणि अंगाचा भार देऊन नट शेवटचे पक्के आवळले. मग बाकीची चाकंही उघडली. सगळीकडे तोच चंदेरी कारभार! कपडे मातीत, हात चंदेरी, केसांत झेंडूची पाकळी. येणारे-जाणारे स्कूटरवाले थांबून बघत होते. एकाने विचारलंही, "भाभीजी, मदद चाहिए?" वहिनी म्हणाल्या, "नहीं भैया, मदद तो ये तीनों कर ही रहे हैं."

काम संपलं. वहिनींनी हात पुसले, गाडीतून किल्ली काढली आणि नरहररावांसमोर धरली.

"घ्या. गाडी मधेच थांबली. अट ती अट."

मी तोंड उघडणार होतो. साक्षीदार म्हणून माझं म्हणणं तयार होतं, की गाडी अडली नाही, थांबवली. पण मंदाने मला चिमटा काढला.

नरहरराव किल्लीकडे बघत राहिले. मग त्या पापुद्र्याकडे, जो अजून त्यांच्या तळहातावर होता. आयुष्यभर दुसऱ्याचं काम नापास केलेला माणूस. स्वतःचं काम नापास करताना कसा दिसतो, ते मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी पापुद्रा खिशात ठेवला, पुढचं दार उघडलं आणि मंदाला म्हणाले, "तुम्ही बसा पुढे."

"आणि तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"मी मागे बसतो, यशवंतरावांजवळ. पुढे बसलं की मला बोलावंसं वाटतं."

किल्ली वहिनींच्या हातातच राहिली. त्यांनी दोन-तीनदा पापण्या मिटल्या-उघडल्या, मग एकदम म्हणाल्या, "बसा लवकर, सीमा राहिलीय!"

आणि मिसरोद ओलांडलं! वहिनींनी हॉर्न दाबला तो थांबेचना, मी खिडकीतून आपट्याची पानं उधळली, मंदा पुढच्या सीटवर बसून टाळ्या वाजवत होती. आणि माझ्या शेजारी नरहरराव खिडकीला नाक लावून बसले होते, हळूच हसत. परतीच्या वाटेत वहिनींनी एकदा मुद्दाम गाडी थांबवून नट पुन्हा आवळून बघितले. नवे आवळलेले नट थोडं चालल्यावर तपासावेच लागतात, म्हणे. नरहरराव उतरले, पण हात मागे बांधून उभे राहिले. एक शब्द नाही!

संध्याकाळी मी कुंपणाशी वेळेवर हजर होतो. नरहररावांनी पाटावरचं लाल फडकं उलगडलं. आत लाटणं होतंच, हळदकुंकवाने माखलेलं. त्यांनी ते धुऊन ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आता यावर पोळ्या लाटणार?"

"मग? देवीचाच प्रसाद," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर वहिनी उज्जैनला गेल्या, इंदूरला गेल्या, होशंगाबादला तर मंदाला घेऊन चार बायकांसकट गेल्या आणि मला नेलं नाही. किल्ली त्यांच्या कमरेला असते. आणि दर खंडेनवमीच्या आधी नरहरराव हातात कानस घेऊन गल्लीत फिरतात. ज्याने ज्याने गाडी रंगवली असेल त्याच्या चाकाशी उकिडवे बसतात आणि म्हणतात, "नटाखाली रंग? नापास!"

सरवट्यांच्या पूजेत आता पाना नसतो. तो डिकीतच राहतो, तिथेच त्याला कुंकू लावतात. पाटावर त्याच्या जागी लाटणं ठेवतात. नरहरराव स्वतः, लाल फडक्यात न गुंडाळता.